दोन त्र्यंबकांचा स्कॅन

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं : सी.टी. स्कॅन, पोट, काँट्रास्टसह. यातलं 'पोट' तेवढं मला नीट समजलं.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत सोनोग्राफी करणाऱ्या बाईंनी माझ्या लिव्हरवर अडीच सेंटिमीटरचा एक डाग शोधून काढला होता. "बहुतेक काही नसेल," असं डॉक्टर म्हणाले. मी चेन्नईत, अंबत्तूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. वॉशर आणि गास्केट तपासून नापास करणं हे माझं काम. 'बहुतेक' हा शब्द आमच्या रिपोर्टात चालत नाही. कुणी 'बहुतेक ठीक आहे' असं लिहून आणलं की मी तो कागद परत पाठवतो. तो नियम डॉक्टरांना कसा सांगणार, म्हणून मी नुसती मान हलवली.

"हाताच्या शिरेतून औषध देतात," डॉक्टरांनी समजावलं. "त्यात आयोडीन असतं. ते रक्ताबरोबर फिरतं, त्यामुळे चित्रात रक्तवाहिन्या उजळून दिसतात. डाग कसला आहे ते त्याशिवाय कळणार नाही."

ही गोष्ट घरातच ठेवायची असं मी आणि माझ्या बायकोनं, हेमलतानं, ठरवलं. तिनं ती फक्त वरच्या मजल्यावरच्या अलमेलू मामींना सांगितली, कारण त्या कढीपत्ता द्यायला आल्या होत्या आणि हिचा चेहरा उतरलेला होता. मामींनी ती फक्त त्यांच्या बहिणीला फोनवर सांगितली. पण मामी फोनवर बोलतात गॅलरीत उभं राहून, आणि त्यांची बहीण एका कानानं कमी ऐकते. संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा वॉचमननं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. अकरा वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं.

मग सल्ले सुरू झाले. मामी म्हणाल्या, स्कॅननंतर तीन दिवस बार्लीचं पाणी पी. त्यांची बहीण म्हणाली, बार्ली अजिबात नको, शहाळं. सोसायटीचे सेक्रेटरी मला जिन्यात बाजूला घेऊन फार अदबीनं म्हणाले, की दुसऱ्या मजल्यावर एक बाई गरोदर आहेत, तेव्हा स्कॅननंतर आठवडाभर मी लिफ्ट वापरली नाही तर बरं. माझ्या अंगातून किरण बाहेर पडतील अशी त्यांची समजूत होती. मी त्यांना सांगितलं की हे औषध तसलं नसतं, दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. हे ऐकून ते आणखी गंभीर झाले आणि ड्रेनेजचा पाइप कोणत्या बाजूनं जातो ते बघायला गेले.

या सगळ्यांकडे मी दुर्लक्ष केलं असतं. पण तळमजल्यावरच्या अप्पाजीरावांकडे करता येईना.

अप्पाजीराव शहात्तर वर्षांचे. घराणं तंजावूरचं, आठ-नऊ पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून आलेलं. पस्तीस वर्षं त्यांनी टपालखात्यात पत्रं निवडली. त्यांची मराठी ऐकली की एखादा जुना कागद कुणीतरी मोठ्यानं वाचतंय असं वाटतं, आणि त्या कागदाला मध्येमध्ये तमिळ ठिगळं लावलेली. बायको गेल्यापासून ते एकटेच राहतात. ते सहसा कुणाला सल्ला देत नाहीत. त्या दिवशी मात्र वर आले आणि खुर्चीवर बसले.

"घारपुरे, ती ऊसी घेऊं नका," ते म्हणाले. ऊसी म्हणजे सुई. "आमचा थोरला भाऊ राणोजी. त्यास असलेंच औषध दिलें आणि फोटो काढला. चाळीस वर्षें जाहलीं. चालत गेला होता इस्पितळांत. अप्पुरम, मागाहून, मूत्रपिंड बसलें. तीन आठवड्यांत संपला."

एवढं सांगून ते उठले. कॉफीसुद्धा घेतली नाही.

त्यानंतर मी बारा दिवस स्कॅन पुढे ढकलला. आधी कारखान्यात ऑडिट होतं. मग मला सर्दी झाली. मग माझ्या मनात आलं की डाग अडीच सेंटिमीटरचा आहे, म्हणजे आमच्या सगळ्यात लहान वॉशरपेक्षाही कमी, त्याचं एवढं काय. पण पहाटे जाग आली की तोच डाग ताटाएवढा व्हायचा. हेमलता शाळेत गणित शिकवते. तेराव्या दिवशी तिनं रजा टाकली, अपॉइंटमेंट घेतली आणि म्हणाली, "उद्या नऊ वाजता. उपाशीपोटी. मला आता तुमच्या डागापेक्षा तुमची कारणं जास्त जड व्हायला लागलीत."

सकाळी खाली उतरलो तर अप्पाजीराव इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षाशेजारी उभे. "घेणारच असाल तर एकट्यानें नको," ते म्हणाले आणि आधी जाऊन बसले.

स्कॅन सेंटरात पहिली अडचण नावाची आली. काउंटरवरच्या मुलीला आडनाव नको होतं. इथे माणसाला आडनाव नसतं, वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर असतं. त्यातून माझ्या 'त्र्यंबक'मधलं 'त्र्यं' हे अक्षर तमिळ जिभेवर बसत नाही, ते आपोआप सैल होतं. मी स्पेलिंग सांगत होतो आणि ती मला टाइप करू देत नव्हती. शेवटी पडद्यावर मी व्ही. त्रियंबकम् झालो. वामनरावांचा मुलगा म्हणून 'व्ही'. बदलून द्या म्हटलं तर ती हसून म्हणाली, "सेम नेम ओन्ली, सार." मी सोडून दिलं. सगळ्या चेन्नईत त्र्यंबक नावाचा दुसरा माणूस कुठून येणार, असा विचार मी त्या वेळी केला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

मग फॉर्म आला. दमा आहे का, मधुमेह आहे का, मूत्रपिंडाचा विकार आहे का, पूर्वी हे औषध घेऊन त्रास झाला होता का. विचारणाऱ्या सिस्टरचं नाव श्रीविद्या. हेमलता माझ्या वतीनं फटाफट 'नाही, नाही' सांगत होती.

"कसली अॅलर्जी?"

"नाही," हेमलता म्हणाली.

आता इथे एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे. लग्नानंतर दोन वर्षांनी ऑफिसच्या लोकांबरोबर मी मालवणला गेलो होतो. तिथे मी कोळंबी खाल्ली आणि रात्रभर माझे ओठ पुरीसारखे फुगले होते. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. घरी मी 'मधमाशी चावली' असं सांगितलं होतं, आणि पंचवीस वर्षं ती मधमाशी टिकली होती. पण बारा दिवस मी इंटरनेटवर दुसरं काहीच वाचलं नव्हतं. कोळंबीत आयोडीन असतं, औषधात आयोडीन असतं, तेव्हा ज्याला कोळंबी बाधते त्याला हे औषध बाधतं, असं एका गृहस्थानं छातीठोकपणे लिहिलं होतं. प्रश्न जिवाचा होता.

"कोळंबी," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"कुणाला?" हेमलतानं विचारलं.

"मला. एकदाच. मालवणला."

हेमलतानं माझ्याकडे बघितलं. शाळेत कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे ती कशी बघत असेल ते मला त्या दिवशी कळलं. सिस्टरनं लिहून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "त्याचा याच्याशी संबंध नाही, सर. कोळंबीची अॅलर्जी तिच्यातल्या प्रोटीनची असते, आयोडीनची नाही. पूर्वी हेच इंजेक्शन घेऊन त्रास झाला असेल तर मात्र आम्ही फार जपतो. तरी सांगितलंत ते बरं झालं."

म्हणजे पंचवीस वर्षांचं गुपित मी फुकट फोडलं होतं. कबुलीजबाब देऊन वर गुन्हाच नव्हता असं कळावं, तसं झालं.

मूत्रपिंडं ठीक आहेत की नाही ते बघायला रक्त घेतलं. माझ्याआधी खुर्चीवर एक वयस्कर गृहस्थ होते. कपाळावर भस्माचे पट्टे, दोन्ही कानांत यंत्रं. सिस्टर जे विचारेल त्याला ते प्रसन्नपणे 'आमा, आमा' म्हणजे 'हो, हो' म्हणत होते. वेळ वाचावा म्हणून मला कपडे बदलायला पाठवलं. तो झगा मागून उघडा असतो. दोन नाड्या असतात, पण त्या अशा ठिकाणी असतात की माणसाचा हात तिथवर पोचत नाही. हेमलतानं त्या बांधल्या. कोळंबीमुळे तिनं त्या जरा जास्तच आवळल्या असाव्यात. वरची एक तुटली.

पाऊण तासानं काउंटरवरून एक मदतनीस कागद घेऊन आला. "सर, तुमचा स्कॅन आज होणार नाही. क्रिएटिनीन तीन पॉइंट चार आहे. जास्तीत जास्त एक पॉइंट तीन असावं. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवा." तो कागद माझ्या हातात देऊन निघून गेला.

मी बाकावर बसलो. मागचं थंडगार स्टील पाठीला लागलं, पण त्याचं काही वाटेना. आलो होतो लिव्हर घेऊन आणि मूत्रपिंडंही गेली. अप्पाजीराव माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होते. राणोजींची मूत्रपिंडं ऊसी घेतल्यावर तरी बसली होती, माझी तर आधीच बसली होती. हेमलतानं माझा हात धरला. आमच्याकडे चारचौघांत हात वगैरे धरत नाहीत. त्यावरून मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

काही सुचत नव्हतं म्हणून मी तो कागद वाचायला घेतला. सवयीनं वाचला : व्ही. त्रियंबकम् हे नाव, तारीख, वेळ, नमुना क्रमांक, सही. आणि मग वय. पुरुष, एकोणऐंशी.

मी चोपन्न वर्षांचा आहे. केस थोडे गेलेत, हे मान्य. पण एकोणऐंशी? आजवर मला कुणी सत्तावन्नच्या पुढे नेलेलं नाही. मूत्रपिंडं गेल्याचं दुःख बाजूला राहिलं आणि मी एका हातानं झगा मागे मुठीत धरून तडक काउंटरवर गेलो.

"हे वय कुणी लिहिलं?"

मुलीनं कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, "सॉरी सार, टायपिंग मिस्टेक," म्हणाली, आणि पेन घेऊन एकोणऐंशी खोडून तिथे चोपन्न लिहिलं. शेजारी छोटी सहीसुद्धा केली. लाजिरवाणी गोष्ट ही, की माझं समाधान झालं. मी परत आलो आणि हेमलताला सांगितलं, "केली दुरुस्ती."

तिनं कागद हातात घेतला. खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. "वय चुकलंय," ती सावकाश म्हणाली, "की माणूस चुकलाय?"

मला समजायला एक क्षण लागला. हा कागद दुसऱ्या कुणाचा असेल तर माझा कागद त्या दुसऱ्याकडे असणार. माझी मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर त्याच्या फाइलमध्ये 'ठणठणीत' असा शेरा लागला असणार. आणि तीन पॉइंट चारवाल्या एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला आत नेऊन...

मी समोर बघितलं. भस्माचे पट्टे लावलेले ते गृहस्थ मघापर्यंत तिथे बसले होते. आता त्यांची खुर्ची रिकामी होती. आतल्या दाराच्या वरचा लाल दिवा अजून लागला नव्हता.

मी पळालो. झग्याचं पुढे काय झालं त्याची चौकशी मी नंतरही केली नाही. अकरा वर्षांत मी जेवढं तमिळ शिकलो ते बसपुरतं आणि भाजीपुरतं. आणीबाणीत इंग्रजी सुचलंच नाही, त्या तमिळमधलं जे सापडलं ते मी ओरडलो, "ऊसी वेंडाम, ऊसी वेंडाम." म्हणजे, सुई नको, सुई नको.

सगळ्या सेंटरनं माझ्याकडे फार मायेनं बघितलं. एका आजींनी "पावम" म्हटलं, म्हणजे बिचारा. श्रीविद्या सिस्टरनं मला दंडाला धरलं. "बयप्पडादींग सार," ती म्हणाली, घाबरू नका. "नुसतं टोचल्यासारखं होतं. आणि तुम्हाला आज द्यायचीच नाहीये." मी आतल्या दाराकडे बोट दाखवून "त्याला वेंडाम, त्याला वेंडाम" करत होतो, पण त्यातलं 'त्याला' मराठी होतं. मदतनीस मला दुसऱ्या बाजूनं धरायला आला.

तेव्हा मागून आवाज आला. अप्पाजीरावांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. टपालाच्या कचेरीत ओळीच्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं असा तो आवाज होता. शुद्ध, खणखणीत तमिळमध्ये ते म्हणाले, की आत जो माणूस नेला आहे त्याचं नाव, बापाचं नाव आणि वय आत्ता त्याच्या तोंडून विचारा, आणि विचारल्याशिवाय त्याच्या शिरेत थेंबभरही काही सोडू नका.

सिस्टरनं मला सोडलं. माझ्या हातातला कागद घेतला, खोडलेलं वय बघितलं आणि दार ढकलून आत गेली. दार उघडं राहिलं. ते गृहस्थ टेबलावर आडवे होते, हातात सुई बसवलेली होती, नळी औषधाच्या पंपाला जोडलेली होती. काचेमागच्या माणसाचं बोट बटणाकडे चाललं होतं. सिस्टर त्यांच्या कानाशी वाकली. त्यांनी यंत्रं काढून ठेवलेली होती. तिला तीनदा विचारावं लागलं.

"त्रियंबकम्," ते म्हणाले. "वडिलांचं नाव वैद्यनाथन. वय एकोणऐंशी." आणि ते हसले. म्हणजे तेही व्ही. त्रियंबकम्.

नळी काढली.

रेडिओलॉजिस्ट डॉक्टर रंजनी स्वतः बाहेर आल्या. दोघांचं रक्त पुन्हा घेतलं, या वेळी वय आणि वडिलांचं नाव आमच्या तोंडून वदवून. त्यांचं पुन्हा तीन पॉइंट चार आलं, माझं शून्य पॉइंट नऊ. त्या गृहस्थांचा स्कॅन औषधाशिवाय करायचं ठरलं. त्यांची सून माझ्यापाशी आली. तिनं हेमलताची ओढणी माझ्या खांद्यावरून मागे नीट पांघरली. ती ओढणी माझ्या अंगावर कधी आली ते मला ठाऊक नाही.

डॉक्टर रंजनी मला म्हणाल्या, "ही आमची चूक होती. तुम्ही पकडलीत."

"हिनं पकडली," मी म्हणालो. "मी फक्त वयाची तक्रार केली होती."

मग माझा स्कॅन झाला. एवढ्या गोंधळानंतर तो इतका साधा असावा याचं मला थोडं वाईटच वाटलं. सिस्टरनं आधी सांगितलं होतं, "अंग गरम होईल, तोंडात लोखंडासारखी चव येईल, आणि लघवी झाली असं वाटेल. झालेली नसते." औषध आलं, अंग गरम झालं, चव आली आणि तिसरी गोष्ट तर इतकी हुबेहूब वाटली की चोपन्न वर्षांची प्रतिष्ठा गेली असं समजून मी डोळे मिटले. नंतर हळूच खात्री करून घेतली. झालेली नव्हती. मग अर्धा तास बाहेर बसवलं, काही त्रास होतो का ते बघायला. मी एकदा शिंकलो तर तिघं धावत आले. ती शिंक ए.सी.ची होती.

डॉक्टर रंजनींनी आम्हाला आत बोलावून पडद्यावर माझं लिव्हर दाखवलं. "हे बघा, औषध कडेकडेनं आत शिरतंय, आणि पुढच्या चित्रात मध्यापर्यंत हळूहळू भरत गेलंय. वाईट गाठ अशी भरत नाही. हा नुसता रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. कदाचित जन्मापासून असेल. याला काही करायचं नाही."

"काही म्हणजे?" हेमलतानं विचारलं.

"काहीच नाही."

"म्हणजे औषधसुद्धा नाही?"

"नाही."

हेमलतानं चष्मा काढून पुसला, घातला, परत काढून पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मालवणला कुणाबरोबर गेला होतात?" तिचा आवाज पूर्ववत झालेला ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी सगळी नावं सांगून टाकली.

अप्पाजीराव दाराशी उभे होते. त्यांनी डॉक्टरांना राणोजींचं सांगितलं. डॉक्टरांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांचं रक्त आधी तपासलं होतं का?"

"कोणास ठाऊक, अम्मा. तेव्हां कोण तपासणार आणि कोण विचारणार."

"मूत्रपिंडं आधीच थकलेली असतील. तेव्हाची औषधंही जास्त कडक होती. म्हणून तर आता आम्ही त्या एका कागदासाठी लोकांना तासभर अडवून ठेवतो." "आणि आज त्याच कागदाचा आम्ही घोळ घातला."

अप्पाजीरावांनी मान हलवली. मग शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक घडी काढली. ती उलगडताना कडा तुटत होत्या. हेमलतानं वाचली : सी.टी. स्कॅन, छाती, काँट्रास्टसह. एक्स-रेत डाग दिसला होता. नाव अप्पाजीरावांचंच होतं, तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

"आज उपाशी आहात?" डॉक्टरांनी विचारलं. विचारलं तमिळमध्ये; मराठी माझं.

"काल रात्रीपासून," अप्पाजीराव म्हणाले.

त्यांचं रक्त ठीक आलं. मूत्रपिंडं वयापरत्वे थोडी सुस्त होती, म्हणून शिरेतून पाणी चढवलं, औषधाचा डोस कमी ठेवला. आत जाताना त्यांनी आपण होऊन नाव, बापाचं नाव, वय, दाराचा नंबर आणि पिन कोड सांगितला. छातीतला डाग म्हणजे कधीकाळी येऊन भरून गेलेल्या क्षयाचा वण निघाला. केव्हा झाला आणि केव्हा बरा झाला ते त्यांनाही आठवेना.

चारच्या सुमाराला आम्ही रिक्षात बसलो. ते मध्ये, आम्ही दोघं कडांना. वाटेतला पाडीचा सिग्नल लागला तेव्हा ते म्हणाले, "आठ महिने नीट निजलों नाही, घारपुरे." मी काही उत्तर द्यायच्या आत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि ते घोरायला लागले.

बिल्डिंगपाशी रिक्षा थांबली. ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं. हेमलतानं त्याला हातानं खुणावलं, इंजिन बंद कर, थांब जरा. गॅलरीतून अलमेलू मामींनी वाकून "काय झालं?" म्हणून विचारलं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसरा हात 'सगळं ठीक' असा हलवला. त्या खाली आल्या, पाठोपाठ सेक्रेटरी आले, वॉचमन आला. रिक्षाभोवती सगळे उभे राहिले आणि कुणी काही बोललं नाही. माझ्या खांद्याला मुंग्या आल्या होत्या. अप्पाजीराव अर्धा तास झोपले.